पेशंटाची पानं दुमडू नयेत

"लायब्ररीचं उदाहरण घासून घासून गुळगुळीत झालंय," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "दवाखान्याचं घाला. नोट्स कशा, हव्या तशा बदलता आल्या पाहिजेत. सोमवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर यंदापासून नव्या नोट्स."

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या सरांनी घरी येऊन नोट्स उघडल्या. नोट्समधली ती लायब्ररी त्यांच्या बायकोची होती. ती याच कॉलेजात ग्रंथपाल. पुस्तकांचे नियम तिने तोंडी सांगितले, सरांनी जसेच्या तसे टाइप केले. आठ महिन्यांपूर्वी तिला दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. नोट्स गेल्या की तिचं बोलणंही गेलं, एवढं सरांना कळत होतं.

एकेक वाक्य वाचून बदलायला ते बसले खरे, पण दुसऱ्या ओळीलाच डोळे भरून आले. शेवटी न वाचताच त्यांनी कॉम्प्युटरला हुकूम सोडला: 'पुस्तक' दिसेल तिथे 'पेशंट', 'वाचक' दिसेल तिथे 'डॉक्टर'. तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं जन्मभर पोरांना बजावणारा माणूस हा. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

सोमवारी प्रमुखबाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. पुढच्या बाकावरची चष्मेवाली मोठ्याने वाचू लागली.

"डॉक्टराने एका वेळी तीनच पेशंटं घरी न्यावीत. पेशंटाची पानं दुमडू नयेत. फाटलेलं पेशंट डिंकाने चिकटवावं. फारच जुनी पेशंटं रद्दीत..."

वर्ग पोट धरून हसत होता. "बस कर ग," सर कसेबसे म्हणाले.

"वाचू द्या हो," मागून प्रमुखबाई म्हणाल्या. "चुका शोधू देत त्यांना."

तासाभरात एकेचाळीस चुका निघाल्या. कधी नव्हे ते मागची पोरंही जागी होती.

"गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते लिहून घेण्याचा धडा इतक्या आवडीने शिकताना मी कुणाला पाहिलं नव्हतं," प्रमुखबाई म्हणाल्या. "राहू द्या याच नोट्स. आता अक्षरही बदलू नका."

नोट्स बचावल्या. पण आता बायकोच्या तोंडी कायमची पेशंटं आली, हे मनात येऊन सरांना हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

चष्मेवालीने आपला कागद आणून दिला. सगळ्या नियमांखाली लाल रेघा होत्या, फक्त शेवटचा कोरा.

"हा का सोडलास?"

"तो बरोबर वाटला, सर."

सरांनी वाचलं. 'मुदत उलटली आणि पेशंट परत येत नसेल, तर नाव लगेच खोडू नये. वाट पाहावी.'

"बरोबरच आहे," सर म्हणाले, आणि तिला पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले.