रंगवाले गंगाधरपंत यांच्या सायकलस्वारीची हकीकत

श्रीगजवदनास वंदन करोन, जैसे घडले तैसे लिहिले असे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मास. नदीकाठच्या एका शहरी गंगाधरपंत खळदकर म्हणोन रंगांचे कारखानदार राज्य करीत होते. पत्र्याच्या शेडात स्वहस्ते रंग ढवळण्यापासोन आरंभ केला आणि वीस वर्षांत तीन कारखाने उभे केले, आणि मुलखातील घरोघरच्या भिंतींवर त्यांचाच रंग चढला. द्रव्यास तोटा नाही, लौकिकास उणे नाही. परंतु वय चौपन्न जाहले, पत्नी वारल्यास चार वर्षे लोटली, कन्या परदेशी संसारास लागली, आणि पंत जेवावयास बसले म्हणजे वाढणाऱ्या आचाऱ्याखेरीज बंगल्यात माणूस दिसेना. मग वैद्यांनी बजाविले की शरीर हलवा, त्याजवरून पंतांनी सायकल घेतली आणि साधा सदरा घालोन रोज प्रातःकाळी पाण्याच्या टाकीच्या चढापर्यंत स्वारी करू लागले.

त्या चढावर सिकंदर मुलाणी भेटला. हा नगरपालिकेचा पाणी सोडणारा. नळाची लांब लोखंडी चावी खांद्यास अडकवोन सायकलवरून पेठोपेठी हिंडे. पहिल्या दिवशी पंत धापा टाकीत थांबले, तेव्हां तो जवळ येऊन बोलिला, "मास्तर, एकदम जोर लावू नका. दमानं घ्या."

पंतांनी पुसिले, "मास्तर कशावरून?"

"चष्म्यावरून. रिटायर झालात ना?"

पंतांस काय वाटले न कळे, "होय" म्हणाले. मग नित्य दोघे जोडीने चढू लागले, आणि कोणत्या गल्लीत पाणी चढत नाही, कोणती बाई रोज भांडते, तेल किती महागले, सर्व सिकंदराने सांगावे, आणि पंत काही चुकीचे बोलिले तर तोंडावर "चूक आहे मास्तर" म्हणावे. ऐसे म्हणणारा माणूस पंतांस कैक वर्षांत मिळाला नव्हता. कचेरीत बसोन उद्या त्यास काय सांगावे, याची जुळवाजुळव करीत.

माघ मासी सिकंदराच्या लेकीचे लग्न निघाले. तो म्हणाला, "मास्तर, यायलाच पाहिजे. माझ्या शेजारी जेवायला बसायचं." पंतांच्या मनी आले की आपण कोण हे कळले तर त्यास केवढा आनंद होईल, चारचौघांत मान वाढेल. म्हणोन कोट चढविला, मोठी मोटार काढिली आणि वधूस सोन्याचा हार नेला. कार्यालयाच्या दारी मोटार उभी राहताच कोणी ओळखिले, आणि लोक उठले, आणि कोच आणोन पंतांस मंचावर बसविले, आणि फोटो काढिले. सिकंदराने हार पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. हात जोडोन म्हणाला, "साहेब, आम्हाला माहीत नव्हतं. काही कमीजास्त बोललो असेन तर माफ करा."

"अरे, तुझ्या शेजारी बसायचं ठरलं होतं."

"ताट इथंच आणतो, साहेब."

पंत कोचावर एकटे जेविले.

दुसरे दिवशी पंतांची सायकल दिसताच सिकंदर चढावर सायकलवरून खाली उतरला आणि कडेस उभा राहिला. आठ दिवस ऐसेच चालले. मग पंत स्वतः उतरले आणि म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी खरं सांगायला पाहिजे होतं."

सिकंदर खाली पाहात म्हणाला, "तेल महागलं म्हणून मी तुमच्यापुढं रडत होतो, साहेब. आता आठवलं की लाज वाटते."

पंत सायकल वळवोन उताराने परत निघाले. वळोन पाहिले तो, भर चढावर उतरल्याने पुन्हा सायकलवर बसणे जमेना, म्हणोन ती अवजड चावी खांद्यावर घेऊन सिकंदर सायकल ढकलीत चालला होता.

तेव्हांपासोन पंतांनी वेळ बदलिली. त्याच्याआधी तासभर निघावे आणि तो येण्यापूर्वी परतावे, म्हणजे त्या माणसास उतरावे लागू नये.

येणेप्रमाणे पंतांच्या वैभवास काडीमात्र धक्का लागला नाही. चौथ्या कारखान्याची पायाभरणी जाहली, शेकडो लोकांनी मुजरे केले. पहाटेच्या त्या रस्त्यावर मात्र कोणी नसते. इति.