नंदूचे पाच ‘का’

“बी.कॉम.ला त्रेचाळीसच टक्के का?” मॅडमनी विचारलं.

“अभ्यास केला नाही,” नंदू म्हणाला.

“का?”

नंदूनं एकदा दाराकडं बघितलं. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडंच होतं आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

“घरात काही अडचण होती? आजारपण वगैरे? सांगा ना, आम्ही त्याचा विचार करतो.”

“नाही मॅडम. तसं काही नाही.”

तिथंच त्याची एमबीएची जागा गेली.

नंदू माझ्या बहिणीचा मुलगा. दापोडीत माझ्या वरच्या खोलीत राहतो. एक्केचाळीस वर्षांचा झाला, लग्न केलं नाही. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत माल तपासतो. माल खराब निघाला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे खरं कारण हाती लागतं, असं त्याला कंपनीनं शिकवलंय. बाकीचे लोक ते गेटवर ठेवून येतात. हा घरी घेऊन येतो.

एकदा माझी भाजी करपली.

“का, मावशी?”

“आच मोठी होती.”

“का?”

“मी गॅसजवळ नव्हते.”

“का?”

“दारात सुमनशी बोलत होते.”

“का?”

“तिची सून रुसून माहेरी गेली म्हणून.”

“का?”

“ते तिला विचार मेल्या, आणि मुकाट्यानं जेव.”

तो जेवला. करपलेलंही टाकलं नाही. मग हात धुऊन खरंच सुमनकडं विचारायला गेला. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती.

मंडईत वांग्यात कीड निघाली, तर भाजीवाल्याची तीच गत. तो हात जोडून म्हणाला, “भाऊ, वांगी ठेवा, पैसेही घ्या, पण आता जावा.”

कंपनीत मात्र नंदूनं शिकवलेली पोरं त्याचेच साहेब झाली. एमबीए नसेल तर वर घेत नाहीत म्हणे. नोकरी सांभाळून करायचं, तर दोन ठिकाणी टक्के बघूनच अर्ज परत आला. रावेतची ही संस्था तेवढी मुलाखत घेत होती. टक्के कमी असले तरी कारण पटलं तर घ्यायची. नंदूनं आठ दिवस आरशासमोर उत्तरं घोकली. मला त्याच बाजूला डोळे दाखवायचे होते, म्हणून बरोबर नेलं.

परतताना रिक्षात मी त्याला झापलं. “साऱ्या जगाला पाच-पाचदा विचारतोस, आणि स्वतःला दोन शब्द सांगता येईनात? आई अंथरुणाला खिळली होती, म्हणायला काय जीभ झडली होती?”

“पुढचं विचारलं असतं, मावशी.”

“काय?”

“घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं का, म्हणून.” तो बाहेर बघत होता. “दार उघडं होतं. तू तिथंच बसली होतीस.”

मग रिक्षावाल्याला म्हणाला, “खड्डा बघून घ्या, भाऊ. मावशीचे गुडघे दुखतात.”

गुडघे आता दुखतात. तेव्हा दुखत नव्हते. बहिणीचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडं राहत होते. चालवत नाही म्हणून सांगितलं आणि गेले नाही. तिचं हगणंमुतणं काढायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिचा नवरा आधीच वारला होता.

नंदूनं काढलं. तोच तिला न्हाऊ घालायचा, भरवायचा, शेजारणीला विचारून वेणी घालायला शिकला. पेपरला जाताना तिला कुशीवर वळवून, दाराला बाहेरून कडी लावून जायचा आणि अर्ध्या वेळात उठून यायचा. अकरा महिने. घरात तो एकटा होता. वीस वर्षांचा.