काशीबाईंचे हात

काशीबाई म्हात्रे चालायच्या त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून. वॉर्डात तशाच, कल्याणच्या बाजारात तशाच, आणि देवळात गेल्या तरी देवासमोर क्षणभर तशाच उभ्या. मग आठवण होऊन हात पुढे यायचे आणि जोडले जायचे. नवख्याला वाटे, शाळातपासणीला साहेब आलेत. जुने म्हणत, बाईला सिस्टर झाल्यापासून शिंगं फुटलीत. खरं कारण मला ठाऊक होतं. मी त्या इस्पितळात कंपाउंडर होतो. कंपाउंडरच्या खिडकीतून सगळं दिसतं, फक्त कंपाउंडर कुणाला दिसत नाही.

सिस्टर होण्याआधी काशीबाई त्याच इस्पितळात आया होत्या. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी लागल्या. देशाच्या बेड्या तुटल्या होत्या, पण बायकांच्या वॉर्डातलं खाटेखालचं भांडं कुणी उचलायचं, याचा कायदा जुनाच होता. थर्मामीटर सिस्टरचा, भांडं आयाचं. सिस्टर नुसती उभी असली आणि आया दुसऱ्या टोकाला फरशी पुसत असली, तरी पेशंटनं कळ काढायची आणि आयाची वाट बघायची. "बाई, भांडं!" अशी हाक आली की शब्द पुरा व्हायच्या आत काशीबाई भांडं घेऊन हजर. सात-आठ वर्षं हेच. एवढं करून त्यांना हाक काय, तर "ए काशी!"

त्या मानपाड्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडलं. आईनं ठेवून घेतलं, पण अंगणापुरतं. ड्यूटीवरून आल्यावर मागच्या दारी विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केल्याखेरीज उंबरा ओलांडायचा नाही, मग पौषातली थंडी का असेना. लोकांची घाण काढणारे हात घरात नकोत. गावात मात्र म्हातारी सांगायची, "आमची काशी डाक्टरच्या घरी भाकऱ्या भाजते." ही थाप काशीबाई मला हसत हसत सांगायच्या. मला ते हसणं कधी आवडलं नाही.

"सिस्टर झाले ना कंपाउंडर, की पुढच्या दारानं आत जाईन," असं त्या म्हणायच्या. बाकी काही नको होतं त्यांना. एका मास्तरांच्या बायकोकडे बसून त्यांनी सातवीचा अभ्यास केला. पहिल्या खेपेला गणितानं दगा दिला, दुसऱ्या खेपेला पास झाल्या. मग मुंबईला ट्रेनिंग झालं. आल्या त्या पांढऱ्या शुभ्र साडीत, डोक्यावर कांजी केलेली टोपी घालून. आम्ही तोंडभर "सिस्टर" म्हणालो. त्या लाजल्यासुद्धा.

पहिल्याच दिवशी घात झाला. मोठे डॉक्टर राउंडला आलेले, काशीबाई थर्मामीटरचा ट्रे धरून त्यांच्या मागे. तेवढ्यात कोपऱ्यातून हाक आली, "बाई, भांडं!" आणि बाईंचं डोकं जागं व्हायच्या आत हात निघाले. ट्रे डॉक्टरांच्याच हातात कोंबला आणि धावत जाऊन भांडं लावलं. डॉक्टर ट्रे धरून उभे. म्हणाले, "आपण नर्स मागवली होती ना?" मेट्रन हसल्या, सगळा वॉर्ड हसला, आया तर पदर तोंडात कोंबून हसल्या. डॉक्टर विनोदी म्हणून गावात प्रसिद्ध होते. विनोद करायला समोर कायम खालचंच माणूस लागायचं त्यांना.

त्या दिवसापासून काशीबाईंनी हातांना जन्मठेप दिली. आणि एक वाक्य धरलं: "माझं काम नव्हे ते!" हे वाक्य त्या कुठंही वापरत. कल्याणात भाड्यानं घेतलेल्या खोलीच्या मालकानं सहज विचारलं, "काय सिस्टर, यंदा आंबा बरा येईल का?" तर उत्तर, "माझं काम नव्हे ते!" हळदीकुंकवाला कुणी म्हटलं, नाव घ्या, तरी तेच. एकदा रस्त्यात माझी पिशवी फाटून कांदे घरंगळले. बाई हात बांधून उभ्या राहिल्या आणि कुठला कांदा कुठं गेला ते नजरेनं दाखवत राहिल्या.

आयांचा तर त्यांनी जीव नकोसा केला. सासू झालेली सून परवडली! भांडं घासलं की त्या वाकून वास घ्यायच्या आणि परत पाठवायच्या. सखू नावाची आया एकदा तोंडावर म्हणाली, "कालपर्यंत तुम्हीच घासत होता ना?" काशीबाई म्हणाल्या, "म्हणून तर कळतं." मग औषधाच्या खोलीत येऊन नाक पुसत बसल्या. मी पाठ करून मिक्श्चर ढवळत राहिलो.

मध्यंतरी नव्या साडीत, टोपीसकट, त्या गावी जाऊन आल्या. गावातल्या बायका नाडी दाखवायला जमल्या. आईनं मात्र त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "टोपी नवी हाय. हात तेच ना?" आणि विहिरीकडे बोट केलं. काशीबाई तशाच माघारी फिरल्या. पुढं गावाचं नाव काढलं नाही.

मग एका पावसाळ्यात भावानं म्हातारीला बैलगाडीत घालून आणलं. विषमज्वर होता. ताप डोक्यात गेलेला, माणूस ओळखत नव्हती. काशीबाई हात मागे बांधून खाटेपाशी उभ्या राहत, औषध देत आणि ताप बघत. मी बाटली घेऊन गेलो त्या दुपारी म्हातारी उठायला धडपडत होती. सखू धुण्यापाशी होती. काशीबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि खाली वाकून भांडं ओढलं.

म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं. "तुमी नको, शिस्टर. तुमी मोठ्या. माजी पोर हाय ना इथं, काशी. आया हाय ती. तिला हाक मारा. तिचा हात लई हलका, तिला किळस नाय येत."

काशीबाई वॉर्डाच्या दाराशी आल्या. टोपीच्या पिना काढल्या, टोपी माझ्या हातात दिली, आया खोचतात तसा पदर कमरेला खोचला आणि आत गेल्या.

"आले गं आई."

"कुठं गेलतीस गो?" म्हातारी म्हणाली. तिनं सगळं निमूट करू दिलं, आणि मग तोच हात गालाशी धरून झोपली.

पुढं ताप होता तोवर काशीबाई त्या खाटेपाशी टोपी काढूनच जात. मेट्रन ओरडल्या, डॉक्टरांनी आणखी एक विनोद केला. म्हातारी त्यांच्याशी शेताचं बोलायची, त्यांच्या हातून पेज प्यायची, "आलीस काय गो?" म्हणून वाट बघायची.

मग औषध लागू पडलं. एका सकाळी म्हातारी शुद्धीवर आली, डोळे स्वच्छ. काशीबाई पेज घेऊन गेल्या. म्हातारीनं लेकीला ओळखलं, मग वाटीकडं बघितलं, तोंड भिंतीकडे वळवलं आणि म्हणाली, "दुसरी कोन नाय का?"

पेज सखूनं पाजली. सगळा वॉर्ड खूश होता, विषमज्वरातून माणूस उठलं होतं. मी औषधाच्या खोलीत बाटल्या लावत होतो. काशीबाई आत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"ताप उतरला, सिस्टर. सुटलात," मी म्हणालो.

त्यांनी दार नीट लोटलेलं आहे का ते बघितलं.

"आणखी दोन दिवस राहिला असता, कंपाउंडर," त्या म्हणाल्या, "तर काय बिघडलं असतं?"