पेन्सिलचा आकडा

घड्याळजींनी फ्रिज बंद केला त्या दिवशी दूध नासलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंखे बंद केले आणि मुलीचं डोकं तापलं.

छपरावर सौर पॅनल तिनेच हौसेने बसवून घेतले होते. दोन्हीकडची वीज मोजणारा नवा मीटर लागेपर्यंत ते सुरू करू नयेत, असा वीज कंपनीचा नियम. पण बसवणाऱ्याला घाई होती. तो खटका दाबून मोकळा झाला. ऊन चढलं, घरात वापरून उरलेली वीज बाहेरच्या तारांत जाऊ लागली आणि जिन्याखालच्या जुन्या मीटरची चकती उलटी फिरू लागली. घड्याळजी बघतच राहिले. जन्मभर त्यांनी बंद पडलेली घड्याळं चालू केली होती. काळ मागे न्यायचं काम कुणी आणलं नव्हतं.

मीटरशेजारी भिंतीवर पेन्सिलने एक आकडा लिहिलेला होता. त्यांच्या बायकोचा कंपनीच्या माणसांवर काडीचा विश्वास नव्हता. दर महिन्याला ती जुना आकडा पुसून स्वतः नवा लिहायची. हा शेवटचा. त्यानंतर ती दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. मीटर मात्र निर्लज्जासारखा पुढे पळत राहिला. आता तो मागे येत होता, आणि घड्याळजींना त्याला त्या आकड्यापर्यंत आणायचं होतं. हे सांगायचं कुणाला? मग इस्त्री बंद, पंप बंद, मुलगी फोन चार्ज करायला शेजारी. म्हातारा कंजूष झाला, अशी गल्लीभर बोंब झाली.

पुढे कंपनीच्याही लक्षात आलं की या घरातला आकडा दर महिन्याला कमीच होतोय. मीटरशी छेडछाड झाली असणार, असं धरून तपासनीस नवा मीटर घेऊन दारात उभा राहिला.

"काका, हा आजच बदलावा लागेल. नियम आहे."

"संध्याकाळी बदला," घड्याळजींनी भिंतीकडे बोट दाखवलं. "दोनच युनिट राहिलेत."

"कुणी लिहिलाय आकडा?"

"तिने."

तपासनीसाने घरातला सामसूम कारभार पाहिला, पेटी खाली ठेवली आणि पायरीवर बसला.

दुपारी आकडा जुळला. पण चकती थांबेना.

"अहो, हा पुढे... म्हणजे मागेच चाललाय," घड्याळजी घाबरले.

"वीज खर्च करा, तरच थांबेल."

मुलगी कामावरून आली तेव्हा भर उन्हात घरातले सगळे दिवे लागलेले, पंखे गरगरत होते, पंप घुरघुरत होता, फ्रिजही परत चालू होता, वडील तापलेली इस्त्री घेऊन उभे आणि कंपनीचा माणूस जिन्याखालून सांगत होता, "अजून एखादं काहीतरी लावा." शेवटी न्हाणीघरातला दिवा लागला आणि चकती थांबली.

न्हाणीघरात कुणी नसताना दिवा जळत होता. यावरून घड्याळजींनी लग्नापासून बायकोची बोलणी खाल्ली होती. ते कान देऊन उभे राहिले. कुणीच ओरडलं नाही. तेव्हा मात्र त्यांना रडू आवरेना. डोळे पुसत त्यांनी स्वतःच जाऊन तो दिवा बंद केला.

चकती हलली. आकडा पेन्सिलच्याही मागे सरकायला लागला, ती घरात होती त्या दिवसांत.

"बदला आता," घड्याळजी म्हणाले.

तपासनीसाने पेटी उघडली नाही. "ऊन आहे तोवर राहू दे, काका."

मुलीने भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि तिने फ्रिज बंद केला.