अर्धगरुडाची नमुना प्रत

घरातली एक पेटी आवरायची, एवढंच मी ठरवलं होतं. लोक शिखरं चढायचं ठरवतात, धंदा काढायचं ठरवतात. मी पलंगाच्या पायथ्याशी पडलेली पत्र्याची पेटी आवरायचं ठरवलं. माझ्यासारख्या माणसाने खरं तर काहीच ठरवू नये. ठरवण्याचं काम घरात बायकोकडे आणि ऑफिसात साहेबांकडे असलं की सगळं सुरळीत चालतं.

पेटी माझ्या मेहुण्याची होती. त्याला घरात सगळे टिल्लू म्हणत. (उंची अशी की आमच्या प्रत्येक दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ एकदा तरी आपटलेलं होतं.) टिल्लू म्हणजे माझ्या बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. थंडीच्या सुरुवातीला तो आजारी पडला आणि थंडी संपायच्या आत गेला. त्याच्या भाड्याच्या खोलीतून आमच्याकडे आली ती ही पेटी. आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. कॉमिक्स! चाळिशीचा माणूस, नोकरी चांगली, चष्म्याचा नंबर भरभक्कम, आणि रोज झोपताना कॉमिक्स वाचल्याशिवाय डोळा लागायचा नाही.

तो गेल्यापासून बायको हसली नव्हती. रडतही नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची. ती कामावर जायची, यायची, भाजी चिरायची, इस्त्रीचे कपडे त्या पेटीवर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उचलायची. पेटी उघडायची मात्र नाही. मी विनोद सांगून पाहिले. (माझ्या विनोदांना ती आधीही हसत नसे, त्यामुळे गुण येतोय की नाही हे कळायला मार्ग नव्हता.) घर इतकं गप्प झालं होतं की फ्रिज घरघरायला लागला तरी कुणीतरी आल्यासारखं बरं वाटायचं.

एकदा जेवताना ती म्हणाली, "ती पेटी कधीतरी उघडायला हवी. माझ्याच्याने होत नाही."

शहाण्या माणसाने यावर "हं" म्हणून पाणी प्यायलं असतं. मीही "हं" म्हणालो, पण मनात म्हटलं, चला, निदान हे तरी आपल्याला जमण्यासारखं आहे.

इथे माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून आहे. बाकीचे लोक कागद वाढवतात, मी ते कमी करतो. आमचा नियम सोपा आहे. एकाच कागदाच्या अनेक प्रती सापडल्या तर एक नमुना प्रत ठेवायची, बाकीच्या बाहेर काढायच्या. जगात मला एवढी एकच गोष्ट उत्तम येते. साहेबसुद्धा म्हणतात, "प्रती काढाव्यात तर तुम्हीच." (ते हे कौतुकाने म्हणतात असं मी धरून चालतो.)

रविवारी बायको तिच्या आईकडे गेली आणि मी पेटी उघडली. वरचे अंक व्यवस्थित होते, एकेक वेगळा. खाली मात्र सुतळीने बांधलेला एक जाडजूड गठ्ठा निघाला, आणि त्या गठ्ठ्यात तोच अंक पुन्हा पुन्हा! मुखपृष्ठावर एक बावळट चेहऱ्याचा वीर, पाठीला पंख, आणि उडतोय कुठे, तर जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीवर. नाव अर्धगरुड. मी मनात म्हटलं, बिचारा टिल्लू, काय आणलंय हेच विसरून परत परत आणत राहिला. मी त्यातली जरा बऱ्या कोपऱ्यांची एक प्रत नमुना म्हणून ठेवली, बाकीचा गठ्ठा काखोटीला मारला आणि कोपऱ्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात नेऊन दिला. दुकानदार पैसे द्यायला लागला तर मी हात हलवून म्हणालो, "राहू द्या हो. वाचणाऱ्याच्या हातात गेलं की झालं." घरी येऊन पेटी पुसली, आत कागद अंथरला, अंक ओळीने लावले. इतकं समाधान मला पगाराच्या दिवशीही झालेलं नाही.

बायको संध्याकाळी आली. पेटी उघडी पाहून दारातच थांबली. मग हळूच खाली बसली. एकेका अंकावरून हात फिरवत गेली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि मला वाटलं, जमलं! मग तिचा हात तळाला पोहोचला.

"बाकीचे कुठे आहेत?"

"कुठले?"

"अर्धगरुडचे."

"अगं, ते सगळे डुप्लिकेट होते. मी एक नमुना प्रत ठेवलीय ना."

ती रागावली असती तर मला सोसलं असतं. भांडं फेकलं असतं तर मी झेललं असतं. (बहुधा पाडलं असतं.) पण ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"डुप्लिकेट नव्हते ते," ती म्हणाली. "आम्ही शाळेत होतो तेव्हा त्या कॉमिक्सवाल्यांनी छापलं होतं की अर्धगरुड कुणाला आवडत नाही, पुढचा अंक खपला नाही तर त्याला मारून टाकणार. टिल्लू दिवसभर जेवला नाही. मग आम्ही बसने जायचं सोडलं, खाऊ सोडला आणि गावातल्या प्रत्येक दुकानात जाऊन तो अंक उचलला. एकाला शंका येऊ नये म्हणून दुसऱ्याकडे. एक प्रत टिल्लूने पावसात शर्टाखाली लपवून आणली, ती फुगलीय. एकीवर माझी शाई सांडलीय. एकीवर तो बसला होता. प्रत्येक वेगळी आहे."

"मग? वाचला का तो?"

"वाचला. त्यांनी पुढच्या अंकात छापलं, वाचकांच्या प्रचंड मागणीवरून." तिने पेटीचं झाकण लावलं. "त्याला तरी आम्हाला वाचवता आलं."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. नळाखाली भांडं नव्हतं. मला स्वतःचा इतका तिटकारा आधी कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्याबरोबर मी धावत दुकान गाठलं. दुकानदार खुशीत होता. "अहो, तुम्ही काय दिलंत कल्पना आहे का? मी सगळ्या मंडळींना बोलावलंय!" मागच्या खोलीत गोल टेबलावर माझा गठ्ठा सुतळी सोडून ठेवला होता आणि भोवती कॉमिक्सचे चाहते बसले होते. एक दाताचे डॉक्टर, एक बस चालवणाऱ्या बाई, आणखी दोघेचौघे. सगळे माझ्याएवढे किंवा माझ्याहून मोठे, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते.

"कप्तान गडगडसारखा कुणी नाही," डॉक्टर टेबलावर हात आपटून सांगत होते. "का? तर तो बोलतो तेच करतो. मी दिवसभर लोकांना 'दुखणार नाही' असं सांगतो. घरी जाऊन गडगड वाचतो तेव्हा वाटतं, जगात कुणीतरी खरं बोलतंय."

"आमची निळी सावली बरी," बसवाल्या बाई म्हणाल्या. "अख्ख्या अंकात चकार शब्द काढत नाही. माझ्या मागे दिवसभर साठ माणसं बोलत असतात. मला त्या बाईचा हेवा वाटतो."

"मग अर्धगरुडचे अंक कशाला घेताय?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे दयेने बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, "अहो, हा अंक कुठेही मिळत नाही! निघाल्या निघाल्या संपला होता. जनतेची लाट होती लाट! अर्धगरुडचे हजारो चाहते तेव्हा रस्त्यावर उतरले होते."

"दोन होते," मी म्हणालो.

"काय?"

"चाहते. एक माझी बायको आणि एक मेहुणा. खाऊ सोडून आणले त्यांनी हे अंक."

तीस वर्षं जपलेली लाट डोळ्यांदेखत ओसरली की माणसाचं तोंड कसं होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. पेटी, नमुना प्रत, नळाखाली नसलेलं भांडं. डॉक्टर संशयाने म्हणाले, "हे कशावरून खरं? तुमच्या घरात अर्धगरुडचे खरे चाहते असतील तर सांगा, त्याच्यात आवडण्यासारखं काय आहे?"

मी तर त्याचं एक पानही वाचलं नव्हतं. समोरचा अंक उचलला. शाई सांडलेली तीच प्रत हाताला लागली. सुरुवातीला अर्धगरुड उडताना टेबलांना धडकत होता आणि टेबलांची माफी मागत होता. लढाईला पोहोचला तोवर ती संपली होती. शेवटच्या पानावर बाकीचे वीर आकाशात निघून गेले होते आणि हा एकटा मागे राहून, पडलेल्या घराच्या ढिगात एका म्हातारीला तिची दुसरी चप्पल शोधून देत होता.

"आमच्या घरी लोक आले होते," मी म्हणालो. "टिल्लू गेला तेव्हा. खूप आले, चांगलं बोलले, आणि गेले. त्यांनी जायलाच हवं होतं, त्यांचीही घरं आहेत. पण नंतर जे उरतं ना, कपडे, बिलं, त्याची ती पेटी, तिथे कुणी वीर नसतो. हा तिथे थांबतो. ह्याला काही येत नाही, तरी थांबतो. मला वाटतं ह्याच्यात एवढंच आहे."

बसवाल्या बाईंनी नाक पुसलं, सगळ्या प्रती गोळा केल्या आणि सुतळी बांधून गठ्ठा माझ्या हातात दिला. निळ्या सावलीच्या चाहतीला शोभेल अशा रीतीने, एक शब्द न बोलता.

"एक कमी आहे," दुकानदार म्हणाला. "फुगलेली. ती डॉक्टरांनी दुपारीच दवाखान्यात नेली."

डॉक्टर खुर्चीत अवघडले. "ती मी देणार होतोच. पण फुकट नाही देणार. आ करा बघू."

"काय?"

"बोलताना मघापासून मला तुमची एक दाढ दिसतेय. पार किडलीय. मला चैन पडत नाहीये. ती मला काढू द्या आणि अंक घेऊन जा."

दवाखाना शेजारीच होता. खुर्चीत बसल्यावर मी विचारलं, "दुखेल का?" डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, "कप्तान गडगडची शप्पथ, दुखणार नाही." त्यानंतर जे झालं त्यावरून कप्तान गडगडच्या सत्यवचनावरचा माझा विश्वास कायमचा उडाला. खाली जिन्यात बसलेले दोन पेशंट माझा आवाज ऐकून घरी गेले असं नंतर कळलं.

मी घरी पोहोचलो तेव्हा डावा गाल टिल्लूच्या त्या प्रतीसारखा फुगला होता, तोंडात कापूस होता आणि काखेत गठ्ठा. बायकोने दार उघडलं. तिने आधी गठ्ठा पाहिला, मग माझा गाल.

"हे काय करून आलात?"

"ऊं," मी म्हणालो. कापसातून त्याहून जास्त काही बाहेर पडत नव्हतं.

तिने गठ्ठा पलंगावर सोडला. एकेक प्रत हातात घेऊन ती सांगायला लागली. ही शाळेजवळच्या दुकानातली, त्या दुकानदाराने दोनदा हाकललं होतं. ही टिल्लू बसलेली. ही पावसातली. पावसातल्या प्रतीपाशी तिचा आवाज थांबला आणि मग ती रडली, त्या गेलेल्या थंडीपासून रडली नव्हती तेवढं सगळं. मी शेजारी बसून राहिलो. समजूत घालता येत नव्हती, कारण तोंडात कापूस होता. नसता तर मी नक्कीच काहीतरी बोललो असतो आणि सगळं बिघडवलं असतं. बऱ्याच वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला.

"तुम्हाला माहितीये, टिल्लू तुम्हाला काय म्हणायचा?"

मी नाही अशी मान हलवली.

"तुम्ही मला बघायला पहिल्यांदा आमच्या घरी आलात ना, तेव्हा आत येताना तुमचा गुडघा टेबलाला लागला आणि तुम्ही टेबलाला 'माफ करा' म्हणालात. टिल्लू मला आत ओढून घेऊन गेला आणि म्हणाला, ताई, अर्धगरुड आलाय."

माझा ऊर भरून आला. पेटीतल्या त्या सगळ्या वीरांमध्ये त्याने ज्याच्यासाठी उपास काढले, तो मी होतो! संकट संपल्यावर मागे थांबणारा, म्हाताऱ्यांच्या चपला शोधणारा! मी कापूस बाजूला सारून, जमेल तेवढ्या नम्रपणे विचारलं, "एवढा आवडलो मी त्याला?"

"आवडलात कुठे?" बायको म्हणाली. "मी नको म्हणत होते. तर तो माझे पाय धरायला लागला. म्हणाला, ताई, आपण नाही घेतला तर हा कुठेच खपणार नाही."