टोपणांवरच्या चिठ्ठ्या

"आणखी एक घोटाळा झाला, की तुमची रवानगी तळघरात," विभागप्रमुखांनी बजावलं होतं. तळघरात विद्यापीठाच्या जुन्या उत्तरपत्रिका होत्या, आणि तिथं गेलेलं कुणी पुन्हा वर बदलून आल्याचं ताईंना आठवत नव्हतं. व्याख्यान विभागात लेखनिक म्हणून त्यांची नऊ वर्षं गेली होती. माणसांत बसायची सवय झाली होती.

त्या दिवशी पाच वाजता शेजारशेजारच्या सभागृहांत दोन व्याख्यानं होती. एकात चीनचं राजकारण, दुसऱ्यात बौद्ध शिल्पकला. दोन्ही वक्त्यांचे पेनड्राइव्ह काळे आणि हुबेहूब सारखे. घोटाळा नको म्हणून ताईंनी त्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, त्याही टोपणांवर. मग दोन्ही टोपणं काढून चित्रं उघडतात का ते पाहिलं आणि टोपणं पुन्हा बसवली. एवढी काळजी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच घेतली होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी शिल्पकलेच्या प्राध्यापिका सभागृहातून बाहेर आल्या.

"अहो ताई, माझे बुद्ध कुठायत? पडद्यावर सुटातले वीस पुरुष ओळीनं बसलेत!"

ताई शेजारच्या सभागृहात धावल्या. राजकारणाचे प्राध्यापक कागदात डोकं खुपसून वाचत होते. मागे वळून पडदा बघायची त्यांची पद्धतच नव्हती.

"हा माणूस फारसा बोलत नाही, पण त्याच्या होकाराशिवाय पान हलत नाही," त्यांचं वाचन चालू होतं.

मागे डोळे मिटलेले बुद्ध मंद हसत होते. श्रोते भराभर टिपून घेत होते. पहिल्या रांगेत खुद्द विभागप्रमुख बसले होते. ताई आल्या पावली परतल्या.

"तुमचा पेनड्राइव्ह आता नाही हो काढता येत," त्या काकुळतीला आल्या. "साहेब समोरच बसलेत. मला तळघरात धाडतील."

प्राध्यापिकांनी सुस्कारा सोडला, आत जाऊन छडी उचलली आणि सुटातल्या मंडळींवर टेकवली. "मधली आकृती पाहा. आसन किंचित पुढं, बाकीच्यांच्या माना तिच्याकडे. आता या कडेच्या भक्ताचे हात बघा. टाळी वाजवावी की नाही, हे अजून ठरलेलं नाही."

तासभर कुणी जागचं हललं नाही. राजकारणाचे प्राध्यापकही खुशीत बाहेर पडले. "तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी झोपलं नाही," त्यांनी ताईंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांचं बोलावणं आलं. ताईंनी टेबलाचा खण आवरूनच ठेवला होता.

"साहेब, खरं सांगते, ती टोपणं..."

"कसली टोपणं? मला काही ऐकायचं नाही." साहेबांनी उठून दार लावून घेतलं. "श्रोत्यांनी फार छान लिहून दिलंय. कुलगुरूंचा फोन आला होता. कल्पना माझी होती, असं मी त्यांना सांगून बसलोय. पुढच्या महिन्यात पुन्हा करा म्हणतात."

"आणि माझं तळघर?"

"भलतंच काय!" साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुमच्याशिवाय मला ते जमणार कसं?"