वामनराव पोचवून देतात

वामनराव तायड्यांबरोबर तुम्ही चालायला लागलात की जिथे निघाला असाल तिथे पोचत नाही. हा माझा स्वतःचा अनुभव आहे. एकदा राजापेठेत गरम कचोरी खायची म्हणून मी घरातून सटकलो. चौकाच्या अलीकडे वामनराव भेटले. "चाला, थोडं पोचवून देतो," म्हणाले. गप्पा छान झाल्या, आणि संपल्या तेव्हा मी माझ्याच दारात उभा होतो. डॉक्टरांनी मला तळलेलं बंद केलंय ही बातमी बायकोनं त्यांच्या कानावर आधीच घातली होती, हे मला पुढे कळलं.

ते हात धरत नाहीत, वाट अडवत नाहीत. तुमच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल पुढे चालतात आणि विचारतात, "आईची तब्येत कशी हाय?" या प्रश्नाचं उत्तर देताना कुठलाही माणूस बेसावध होतो. तेवढ्यात त्यांचा खांदा किंचित तुमच्याकडे झुकतो आणि तुम्ही आपोआप वळता. विमा एजंट गल्लीत शिरला की वामनराव त्याला पोचवून देतात. एका निवडणुकीत तर त्यांनी एका उमेदवाराची अख्खी पदयात्रा ताशासकट शेजारच्या वॉर्डात पोचवून दिली. बिचारा दुपारभर तिथे हात जोडत फिरला. तिथल्या लोकांना त्याला मत देण्याची सोयच नव्हती.

ही विद्या त्यांना फुटबॉलनं दिली. तरुणपणी ते अमरावतीच्या आमच्या संघात डाव्या बाजूला बॅकला खेळायचे आणि आम्ही त्यांचे चाहते. तेव्हा चाहते पुष्कळ होते. काही वर गेले, काही पुण्याला मुलाकडे गेले. उरलो आम्ही चौघं, रोज सकाळी चहाच्या टपरीवर त्यांच्या आठवणी काढणारे.

या माणसाची कदर कधी झाली नाही. त्याला कारण त्यांचा खेळ. त्यांनी कुणाला पाडलं नाही, की चेंडूसाठी कधी घसरले नाहीत. मॅच संपली की बाकीच्यांच्या चड्ड्या काळ्या मातीनं माखलेल्या असायच्या आणि यांची इस्त्री तशीच. निवड करायला नागपूरहून एक साहेब आले होते. त्यांनी पूर्ण मॅच पाहिली आणि म्हणाले, "हा मुलगा नुसता फिरतोय." झालं, नाव कटलं. गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं, न झालेल्या गोलची बातमी कोण छापणार? त्या न झालेल्या गोलांवरून आम्ही चौघं अजून भांडतो.

त्यातला सगळ्यात मोठा न झालेला गोल अकोल्याच्या युनूसभाईचा. युनूसभाई म्हणजे त्या काळचा वऱ्हाडातला सुसाट फॉरवर्ड. आमच्यातला दिगंबर हा किस्सा सांगायला लागला की चहा दोनदा गार होतो.

"युनूस निंघाला ना बॉल घेऊन," दिगंबर सांगतो, "अन् वामनभाऊ लागले बाजूनं. इचारलं, आईची तब्येत कशी हाय? थो म्हने, काल दवाखान्यात नेली. असं बोलता बोलता दोघं गेले कॉर्नरच्या झेंड्यापाशी, बॉल गेला बाहीर, अन् युनूस शेंगदाण्याच्या गाडीसमोर उभा. शेंगदाणे घेतले ना बावा त्यानं."

शेंगदाण्यांचं मला पटत नसे. पण मी ती मॅच झाडावरून पाहिली होती आणि मध्ये फांदी होती, त्यामुळे छातीठोकपणे काही बोलता येत नसे.

यंदा आम्ही ठरवलं की वामनरावांचा सत्कार करायचाच. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, आम्हीही मागे नाही. आणखी उशीर केला तर टाळ्या वाजवायला कोण उरणार? पहिली अडचण फ्लेक्सची. आमच्याकडे नळाला पाणी आलं तरी चौकात फ्लेक्स लागतो, मग सत्कार त्याशिवाय कसा होईल? पण खेळताना वामनरावांचा एकही फोटो सापडेना. फोटोवाले नेहमी समोरच्या गोलपाशी उभे असायचे. शेवटी एका ग्रुप फोटोच्या कडेला एक कोपर सापडलं. ते त्यांचंच, असं दिगंबर शपथेवर म्हणाला. तेच मोठं करून छापलं.

दुसरी अडचण खुद्द वामनराव. आम्ही चौघं निमंत्रण घेऊन गेलो. ते फाटकातच भेटले. "अरे वा, चाला चाला," म्हणाले. त्यांनी दिगंबरला आईची तब्येत विचारली. दिगंबरची आई जाऊन कैक वर्षं झाली, तरी तो गहिवरून सांगत बसला. भानावर आलो तेव्हा चौघंही टपरीवर होतो आणि पत्रिका माझ्याच खिशात होती. मग मी फोन केला. "संध्याकाळी नाई जमत बावा, मले काम असते," ते म्हणाले. रिटायर माणसाला संध्याकाळी कसलं काम? दिगंबरच्या मते टीव्हीवरची मालिका. फारच मागे लागलो तेव्हा "पाह्यतो" म्हणाले.

सत्काराच्या दिवशी मैदानावर खुर्च्या मांडल्या, कोपराचा फ्लेक्स लागला. युनूसभाई अकोल्याहून एसटीनं आले. आता पोट सुटलंय आणि एक गुडघा कुरकुरतो. आल्या आल्या मी शेंगदाण्यांचं विचारून घेतलं. "घेतले ना," ते म्हणाले, "गरम होते." दिगंबरनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

वामनरावांचा मात्र पत्ता नाही. मला राग आला. मी स्कूटर काढली, युनूसभाई शाल घेऊन मागे बसले. आज मी वामनरावांना पोचवून देणार होतो.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच ते दिसले. सोबत त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी. वहिनींचे गुडघे गेलेत, त्या बाहेर पडत नाहीत, असं वामनराव आम्हाला दोन वर्षं सांगत होते. गुडघे उत्तम होते. वहिनी तरातरा चालत होत्या. ठेवणीतली साडी, हातात पिशवी आणि पायांत दोन वेगळ्या चपला.

"परतवाड्याची गाडी जाईन ना," त्या म्हणत होत्या. "बाबा वाट पाहून राह्यले."

वामनराव त्यांच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल पुढे होते. "कशी हाय बाबाची तब्येत?"

"खोकला हाय. औषध घेत नाईत."

वहिनी वडिलांबद्दल सांगू लागल्या, माहेरच्या संत्र्याच्या बगिच्याबद्दल सांगू लागल्या. वामनरावांचा खांदा जरासा झुकला. ट्यूशन क्लासच्या सायकलींना वळसा पडला, मग किराणा दुकानापाशी दुसरा, आणि दोघं आपल्याच फाटकाशी आली.

"आलं का परतवाडा?"

"आलं."

"बाबा कुठी हाय?"

"वावरात गेले. येतीन आता."

वहिनी समाधानानं आत गेल्या. वामनरावांनी आम्हाला पाहिलं. या वेळी त्यांनी कुणाच्या आईची तब्येत विचारली नाही. मी म्हणालो, "वामनराव, दाराला कडी तरी लावत जा."

"लावली होती एक डाव," ते म्हणाले. "दिवसभर दारावर हात मारत होती. मले म्हने, भाऊ, मले जाऊ द्या ना. भाऊ म्हने मले. तवापासून दार उघडं ठेवतो. निंघाली का पोचवून देतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज वाटत नाही. मालिकेवरून आम्ही किती हसलो होतो. युनूसभाई लंगडत पुढे झाले आणि त्यांनी शाल वामनरावांच्या खांद्यावर घातली.

"वामन, तू घोर नको करू," ते म्हणाले. "कोनी वळवून राह्यलं हे समजतच नाई. तिले वाटत असन का आपन परतवाड्यालेच चाललो. मले बी आखरीपर्यंत गोल दिसून राह्यला होता."

तेवढ्यात वहिनी पिशवी घेऊन पुन्हा बाहेर आल्या. वामनरावांनी शाल काढून त्यांच्या अंगावर घातली आणि डावी बाजू धरली. युनूसभाई उजव्या बाजूला गेले. मैदानावर कोपराचा फ्लेक्स आणि तीन चाहते वाट पाहत होते. मी दिगंबरला फोन केला आणि सत्कार झाला म्हणून सांगितलं.

हल्ली संध्याकाळी आम्ही चौघं आळीपाळीनं जातो, म्हणजे वामनरावांना घटकाभर टेकता येतं. मी अजून कच्चा आहे. परवा मी वहिनींना वडिलांची तब्येत विचारली, त्यांनी सांगितली आणि उलट माझ्या आईची विचारली. मी बोलत राहिलो. थांबलो तेव्हा आम्ही दोघं कचोरीच्या दुकानात बसलेलो होतो.

वामनराव शोधत आले. आमच्या प्लेटा पाहून मला म्हणाले, "घरी नाई सांगत," आणि वहिनींच्या डाव्या बाजूला बसले. वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग आपल्या कचोरीचा तुकडा मोडून त्यांच्यापुढे धरला.

"घ्या भाऊ," त्या म्हणाल्या, "लांब जाचं हाय."

वामनरावांनी तो घेतला.